‘खाली बसा’ म्हटल्यावर मुले उभी का राहतात?

१९६८ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी पहिलीच्या एका वर्गात बसून एक साधी गोष्ट मोजली. शिक्षिका ‘खाली बसा’ असे किती वेळा म्हणतात आणि त्या वेळात किती मुले जागा सोडून उभी असतात, एवढेच त्यांना पाहायचे होते. नोंदींचा हिशेब मांडल्यावर जे दिसले ते चमत्कारिक होते. शिक्षिकांनी ‘खाली बसा’ असे जितक्या जास्त वेळा सांगितले, तितके मुलांचे उभे राहणे वाढत गेले. सांगितल्याबरोबर ते ते मूल बसत होते, त्यामुळे आपल्या सांगण्याचा उपयोग होतो असेच शिक्षिकांना वाटत राहिले. एकूण हिशेब मात्र उलटा जात होता. नंतर जागेवर बसून काम करणाऱ्या मुलांचे कौतुक सुरू झाले, तेव्हा उभे राहणे आपोआप कमी झाले.

लहान मुलांच्या वर्गात शिस्त कशी लागते, या प्रश्नाचे बरेचसे मर्म या एका निरीक्षणात सापडते. मोठ्या माणसाचे लक्ष ही मुलाच्या दृष्टीने फार मोलाची वस्तू असते, आणि ते लक्ष मायेने मिळाले की रागाने, हा फरक सहा वर्षांच्या मुलाला आपल्याला वाटतो तितका मोठा वाटत नाही. मुकाट्याने अक्षर गिरवत बसलेल्या मुलाला दिवसभरात नावाने हाक मारण्याचे शिक्षकांना कारणच पडत नाही. बाकावर चढणाऱ्या मुलाचे नाव मात्र एका तासात पाच-सहा वेळा घेतले जाते. या वर्गात कोणत्या वागण्याची दखल घेतली जाते, हे मुले भिंतीवर लावलेल्या नियमांवरून ओळखत नाहीत. शिक्षकांची नजर कुठे वळते आणि कुठे थांबते, यावरून ओळखतात. शिक्षकाचे हे लक्ष कोठे खर्च होते, याचा विचार म्हणजेच वर्गाच्या शिस्तीचा विचार, असे मानून पुढचे सारे विवेचन केले आहे.

त्याआधी मुलांच्या बाजूने थोडे पाहायला हवे. लहान मूल ऐकत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा त्याला ऐकणे जमत नसते. मनात आलेली कृती थांबवणे, सांगितलेले लक्षात ठेवून त्याप्रमाणे वागणे आणि एका कामातून मन काढून दुसऱ्या कामात घालणे, या तीन गोष्टी मेंदूच्या कपाळामागील भागाच्या वाढीवर अवलंबून असतात, आणि ती वाढ वयाच्या पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. पाच-सात वर्षांच्या मुलात ही क्षमता असते, पण कच्ची असते. भूक, झोप, कंटाळा किंवा आनंदाचे उधाण यांपैकी काहीही झाले की ती सर्वांत आधी ढासळते. म्हणूनच ‘वह्या आत ठेवा, पाण्याची बाटली घ्या, रांगेत उभे राहा आणि बोलू नका’ अशी चार पदरी सूचना दिली, तर त्यातले पहिले किंवा शेवटचे काम होते आणि मधली हवेत विरतात. शिक्षकांना यात बेपर्वाई दिसते, मुलाच्या बाजूने मात्र ती फक्त विसरलेली गोष्ट असते. एका वेळी एक सूचना, ती पुरी होईपर्यंत थोडे थांबणे आणि मग दुसरी, इतका साधा बदल केला तरी बराच गोंधळ टळतो.

यातून निघणारा पहिला व्यावहारिक नियम असा, की वागणे हेही वाचनासारखे आणि बेरजेसारखे शिकवावे लागते. बेरीज चुकलेल्या मुलावर आपण ओरडत नाही. त्याला पुन्हा एकदा करून दाखवतो. रांगेत धक्काबुक्की करणाऱ्या मुलाला मात्र रांग कशी लावायची हे मुळात कोणी शिकवले होते का, असे आपण विचारत नाही. ‘नीट वागा’ या दोन शब्दांचा मुलाच्या डोक्यात काही अर्थ उमटत नाही, कारण नीट म्हणजे नेमके काय, हे त्यात नसते. ज्या शिक्षकांचे वर्ग वर्षभर सुरळीत चालतात, ते शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे याच कामासाठी राखून ठेवतात. वर्गात आल्यावर दप्तर कुठे ठेवायचे, पेन्सिलीला टोक काढायला कधी उठायचे, लघवीला जायचे असेल तर कसे विचारायचे, काम लवकर संपले तर काय करायचे, वह्या पुढे कशा सरकवायच्या, यांपैकी प्रत्येक गोष्ट ते आधी स्वतः करून दाखवतात, मग दोघा-तिघांकडून करून घेतात आणि मग सगळ्या वर्गाकडून. जमले नाही तर न चिडता पुन्हा करून घेतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो वसूल होतो. वह्या गोळा करायला रोज पाच मिनिटांऐवजी दोन मिनिटे लागली, तर दोनशे दिवसांच्या शालेय वर्षात दहा तास वाचतात.

नियमांबाबत फार सांगण्यासारखे नाही. ते चार-पाचच असावेत, मुलांना तोंडपाठ व्हावेत इतके छोटे असावेत आणि काय करू नये यापेक्षा काय करावे हे त्यांत असावे. ‘पळू नका’ हे वाक्य ऐकल्यावर मुलाच्या मनात आधी पळण्याचेच चित्र उभे राहते. ‘चालत जा’ म्हटले की पुढची कृती हातात येते. नियम मुलांनी मिळून ठरवावेत असेही पुष्कळदा सुचवले जाते. ते चांगलेच आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. मुलांनी स्वतः केलेले नियमही चौथ्या दिवशी मोडले जातातच.

वर्गाच्या शिस्तीवर झालेल्या संशोधनात जेकब कूनिन यांचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याची सुरुवात गमतीदार आहे. कूनिन विद्यापीठात शिकवत असताना मागे बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी टोकले. त्या विद्यार्थ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवले, पण कूनिन यांचे लक्ष भलतीकडेच गेले. ज्यांना कोणी काही बोलले नव्हते, अशी इतर मुलेही सावरून बसली होती. एकाला दिलेल्या समजेची लाट इतरांपर्यंत कशी पोहोचते, याचा त्यांनी अनेक वर्षे पिच्छा पुरवला. कोणत्या पद्धतीची समज सर्वांत परिणामकारक ठरते, हे त्यांना शोधायचे होते. आवाज चढवून दिलेली की शांतपणे, कठोर की सौम्य, थोडक्यात की कारण सांगून. शेवटी प्राथमिक वर्गांचे चित्रीकरण करून ते तपासल्यावर हाती आलेले उत्तर त्यांच्या मूळ प्रश्नालाच बाद करणारे होते. शिस्तीचे वर्ग आणि बेशिस्तीचे वर्ग यांत समज देण्याच्या पद्धतीत फरकच नव्हता. गैरवर्तन घडल्यावर दोन्हीकडचे शिक्षक साधारण सारखेच वागत होते. फरक होता तो गैरवर्तन घडण्याच्या आधीच्या मिनिटांत. हे निष्कर्ष त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले.

त्या आधीच्या मिनिटांत हे शिक्षक काय करत होते? पहिली गोष्ट म्हणजे त्यांना वर्गाचे चौफेर भान होते, आणि तसे भान आहे हे मुलांना कळत होते. ‘आमच्या बाईंना पाठीलाही डोळे आहेत’ असे मुले ज्यांच्याविषयी म्हणतात, ते हेच शिक्षक. त्यांना सगळे दिसते, याहीपेक्षा महत्त्वाचे हे, की त्यांना ते वेळेत दिसते आणि योग्य मुलात दिसते. दोन मुलांची पट्टीवरून ओढाताण सुरू झाली की ते पहिल्या हिसक्यालाच तिकडे पोहोचतात. तिसरे मूल त्यात पडेपर्यंत थांबत नाहीत. ज्याने सुरुवात केली त्याला सोडून ज्याने उलट उत्तर दिले त्यालाच पकडण्याची चूक त्यांच्याकडून कमी होते. ही चूक एकदाच झाली तरी सगळा वर्ग ती पाहत असतो, आणि अन्यायाची आठवण लहान मुले फार दिवस ठेवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे या शिक्षकांना दोन कामे एकाच वेळी सांभाळता येत होती. पाच मुलांना जवळ घेऊन वाचन घेताना, मागून कोणी वही दाखवायला आले तर वाचन न थांबवता त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबायला लावणे, ही क्षुल्लक वाटणारी हालचाल आहे; पण ती जमली नाही तर पाच वाचणाऱ्यांचे मन विचलित होते आणि वर्गातले प्रत्येक मूल काही ना काही घेऊन उठते.

तिसरी गोष्ट पाठाच्या ओघाची. वर्गातला गोंधळ प्रत्यक्ष शिकण्याच्या वेळी तितका होत नाही, जितका तो दोन कामांच्या सांध्यावर होतो. गणित संपले आहे, चित्रकला सुरू व्हायची आहे, कागद वाटले जात आहेत, रंग सापडत नाहीत आणि पंधरा मुले नुसती बसून आहेत. अशा वेळी दंगा झाला नाही तरच नवल. कूनिन यांच्या निरीक्षणात ज्यांचे वर्ग विस्कळीत होते ते शिक्षक एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळत, मध्येच आठवण झाली म्हणून आधीच्या कामाकडे परत येत, किंवा एका मुलाच्या किरकोळ चुकीवर इतका वेळ बोलत राहत की बाकीचे सगळे ताटकळत. जमिनीवर पडलेल्या कागदाच्या कपट्यावरून चार मिनिटांचे प्रवचन झाले, तर कपटा उचलला जातो, पण पाठ हातातून निसटतो. साहित्य आधीच मांडून ठेवणे, पुढचे काम फळ्यावर लिहून ठेवणे, काम बदलण्याची पूर्वसूचना दोन मिनिटे आधी देणे आणि त्यासाठी टाळी, घंटी किंवा हात वर करणे अशी एकच ठरलेली खूण वापरणे, ही सगळी तयारी शिस्तीचीच तयारी असते, जरी तिला कोणी शिस्त म्हणत नसले तरी.

ओघ म्हणजे घाई मात्र नव्हे. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतील संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा असे दिसले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच वाट पाहतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. ही वाट तीन सेकंद किंवा त्याहून अधिक झाली, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि शिक्षकांना शिस्तीसाठी टोकण्याची गरजही कमी पडली. ज्याला उत्तर द्यायची संधी मिळते, त्याला खोडी काढायला वेळ उरत नाही.

आता पुन्हा कौतुकाकडे येऊ, कारण तिथे गैरसमज फार आहेत. १९६८ मध्येच झालेल्या आणखी एका प्रयोगात शिक्षकांनी आधी फक्त नियम सांगून पाहिले. त्याने वागण्यात जवळजवळ काही फरक पडला नाही. नंतर गैरवर्तनाकडे दुर्लक्ष करण्याची जोड दिली. तेवढ्यानेही वर्ग सुधारला नाही. त्याबरोबर चांगल्या वागण्याचे कौतुक सुरू झाले, तेव्हाच लक्षणीय बदल दिसला. नुसते दुर्लक्ष म्हणजे अर्धेच औषध. त्यातही एक खाचखळगा असा, की आजवर ज्या वागण्याला लक्ष मिळत होते त्याकडे अचानक दुर्लक्ष केले, तर ते वागणे आधी वाढते. हात वर न करता ओरडणाऱ्या मुलाला उत्तर देणे बंद केले, तर पहिले काही दिवस ते अधिक मोठ्याने ओरडेल. शिक्षक नेमके याच वेळी हरतात आणि चौथ्या आरोळीला उत्तर देतात. मूल त्यातून एवढेच शिकते, की चार वेळा ओरडावे लागते. मारामारी, चिडवणे किंवा कोणाला इजा होईल असे काहीही असेल, तिथे दुर्लक्षाचा मार्ग नाहीच. तिथे ताबडतोब थांबवावे लागते.

कौतुक कसे करावे याचेही एक तंत्र आहे. ‘छान’, ‘शाब्बास’, ‘गुणी बाळ’ हे शब्द ऐकायला गोड वाटतात, पण कशासाठी ते मिळाले हे मुलाला कळत नाही. ‘तू रंगाची पेटी शेजारच्याला दिलीस, म्हणून त्याचेही चित्र पूर्ण झाले’ या वाक्यात मुलाला पुन्हा करण्याजोगी एक कृती सापडते. हुशारीचे कौतुक करण्यापेक्षा प्रयत्नाचे करावे, हे १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांच्या प्रयोगांत दिसले: हुशार म्हणून वाखाणलेली मुले अपयश आल्यावर लवकर खचली, मेहनतीसाठी वाखाणलेली अधिक टिकून राहिली. आणखी एक सवय मात्र सोडून द्यावी असे मला आवर्जून वाटते. ‘बघा, ती कशी शहाण्यासारखी बसली आहे’ असे इतरांना उद्देशून म्हणताना आपण त्या मुलीचे कौतुक करत नसतो. तिचा छडीसारखा उपयोग करत असतो. तिला ते कळते आणि इतरांनाही कळते, आणि मधल्या सुट्टीत त्याची किंमत तिला मोजावी लागते.

बक्षिसांचा प्रश्न याहून अवघड आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना निवडले. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत असलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रकलेला देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. यावरून बक्षिसे सरसकट वाईट असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. जे काम मूल आवडीने करते आहे त्याला दर लावू नये. जे काम त्याला अजून जमत नाही किंवा नकोसे वाटते, तिथे सुरुवातीला छोटे प्रोत्साहन देऊन पुढे ते हळूहळू काढून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्या वर्गासाठी वापरलेल्या प्रोत्साहनाचे सर्वांत जास्त तपासले गेलेले उदाहरण म्हणजे १९६९ मध्ये अमेरिकेत प्रथम मांडला गेलेला ‘चांगल्या वागणुकीचा खेळ’. वर्गाचे दोन संघ करायचे, ठरलेल्या वेळात नियम मोडला की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण करायची, आणि खुणा ठरावीक संख्येच्या आत राहिल्या तर संघ जिंकतो. दोन्ही संघही जिंकू शकतात. बक्षीस खाऊचे किंवा पैशाचे नसते. थोडा जास्त खेळायला वेळ किंवा रांगेत आधी जाण्याचा मान, एवढेच. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत हा खेळ घेतला गेला आणि ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेण्यात आला. लहानपणी फार आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये तरुणपणी व्यसनांचे प्रमाण इतर वर्गांतल्या तशाच मुलग्यांपेक्षा कमी आढळले. या खेळात धोकाही आहे. सतत नियम मोडणाऱ्या मुलावर सगळा संघ तुटून पडू शकतो, किंवा ते मूल मुद्दाम संघाला हरवू लागते. मूळ प्रयोगातही अशी मुले निघाली आणि त्यांना संघापासून वेगळे करावे लागले. म्हणून खेळ छोट्या वेळेपासून सुरू करावा, मर्यादा जिंकता येईल इतकी सैल ठेवावी आणि खूण करताना मुलाचे नाव न घेता फक्त नियम सांगावा.

एवढे सगळे करूनही गैरवर्तन होणारच. तेव्हा पाठाला कमीत कमी धक्का लागेल असा उपाय आधी वापरावा. शिकवता शिकवता त्या मुलाच्या बाकाजवळ जाऊन उभे राहणे बहुतेक वेळा पुरते. नाही पुरले तर नजर, मग वाकून कानात एक वाक्य, आणि त्यानंतर तिथून दूर होणे. हे दूर होणे महत्त्वाचे असते, कारण समोर कोणी खिळून उभे राहिले तर माघार घ्यायला मुलाला जागा उरत नाही आणि भोवती प्रेक्षकही असतात. शिक्षा द्यायचीच असेल तर ती छोटी, ठरलेली आणि चुकीशी संबंध असलेली असावी. सांडलेले पाणी पुसायला लावणे योग्य. पाणी सांडले म्हणून शंभर वेळा वाक्य लिहायला लावणे अयोग्य, कारण त्यातून लेखन हीच शिक्षा आहे असा धडा मिळतो. एकाने केले म्हणून साऱ्या वर्गाची सुट्टी बंद करणे हे तर शिक्षकांचा धीर सुटल्याचे लक्षण आहे.

एखादे मूल पुन्हा पुन्हा तेच करत असेल, तर शिक्षा वाढवण्याआधी एक आठवडा तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: त्या वागण्याच्या लगेच आधी काय घडले, मूल नेमके काय करते आणि त्यातून त्याला काय मिळते. वाचनाची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला ढोसणारे मूल वाचनापासून पळत असते. त्याला वर्गाबाहेर उभे करणे म्हणजे त्याला हवे ते हातात देणे होय. त्याची अडचण अक्षरओळखीत आहे, आणि उपाय तिथेच करावा लागतो. कधी या नोंदींतून कळते, की मुलाला फळा दिसत नाही, ऐकू कमी येते किंवा त्याची झोप पुरी होत नाही.

दिलेला शब्द पाळणे ही वरवर नैतिक वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात किती व्यावहारिक आहे, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात दिसले. मुलांना आधी एका मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो असे सांगितले. काहींना ते मिळाले, काहींना मिळाले नाहीत. मग एक गोड पदार्थ समोर ठेवून, थोडे थांबलात तर दुसराही मिळेल, असे सांगण्यात आले. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेल्याचा अनुभव होता, ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांची फसगत झाली होती, ती सुमारे ३ मिनिटे. संयम हा मुलाचा स्वभाव आहे असे समजून आपण ज्याला नावे ठेवतो, त्यातला बराच भाग समोरच्या मोठ्या माणसावरच्या विश्वासाचा असतो. ‘आणखी एकदा बोललास तर बाहेर काढीन’ असे पाच वेळा म्हणून कधीच बाहेर न काढणारे शिक्षक आणि शुक्रवारी गोष्ट सांगीन म्हणून विसरणारे शिक्षक, दोघेही मुलांना एकच गोष्ट शिकवतात.

आपले स्वतःचे लक्ष कुठे खर्च होते, हे शिकवता शिकवता कोणालाच कळत नाही. त्यासाठी एखाद्या तासाचा फक्त आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्यावा आणि निवांतपणे ऐकताना कागदावर दोन रकाने आखावेत. चुकीसाठी नाव घेतले की एका रकान्यात रेघ, चांगल्या कामासाठी घेतले की दुसऱ्यात. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना धक्का बसतो आणि तो बसू द्यावा. मग त्याच कागदाच्या मागे, ज्या मुलांचे नाव संपूर्ण तासात एकदाही आले नाही त्यांची यादी करावी, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना ती खिशात ठेवावी.